वहीत नसलेलं बदक

माझ्या वयाच्या बायका लेकीकडे नेदरलँड्सला येतात त्या एप्रिलमध्ये. ट्युलिप बघतात, पवनचक्कीसमोर उभ्या राहतात, चीजचा एक लाल गोळा बॅगेत घालतात आणि पुण्याला परत जातात. मी येते ऑगस्टच्या मध्याला. इथं रानबदकांची शिकार तेव्हा खुली होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. मला व्हिसावर नव्वद दिवस मिळतात. ते फुलांवर घालवायला मला परवडत नाहीत.

लेक विमानतळावर घ्यायला आली की आधी माझी बॅग उचलून बघते.

"नवी वही आणलीस?"

"वहीबरोबर पापडही आणलेत."

"पापडांचं मी विचारलं नव्हतं, आई."

ही वही कशी सुरू झाली ते सांगायचं तर मला माझी फजिती सांगावी लागते, आणि तीही एक नव्हे. पहिली पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीची. तिची नायिका एकवीस वर्षांची होती, बिनबाह्यांचं पोलकं घालायची आणि काळा गॉगल आपल्याला शोभतो असा तिचा ठाम समज होता. फोटो आहेत. शोभत नव्हता.

आमचे हे पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, अगदी खालच्या पायरीवरचे, आणि आम्ही गोदावरीवरच्या एका धरणाच्या वसाहतीत राहायचो. शिकारीवर बंदी येण्याच्या आधीचा काळ. थंडीत धरणाच्या फुगवट्यावर बदकं उतरायची. तलवार बदकं, थापटे, चक्रवाक, आणि ज्यांची नावं आम्हाला येत नव्हती अशी कितीतरी. रविवारी साहेब लोक जीपमधून बंदुका घेऊन यायचे. त्यांची सोय बघणं ह्यांच्या कामातच धरलेलं होतं आणि ह्यांना त्या कामाचा मनापासून कंटाळा होता. मला नव्हता. साहेबांच्या बायका वेताच्या खुर्चीत पायावर पाय टाकून कशा बसतात ते मी बघून ठेवायची आणि सोमवारी घरी तसं बसून बघायची. आमच्याकडे वेताची खुर्ची नव्हती, म्हणून पत्र्याच्या ट्रंकेवर.

साहेब यायच्या आधी आठवडाभर चौकीदार उथळ पाण्याच्या कडेला ज्वारी टाकायचा, म्हणजे बदकांना तिथं यायची सवय लागावी. ती ज्वारी मी मोजून द्यायची. पदर खोचून, रोज एक पायली. शिकार झाली की नोंद करायचं कामही माझ्याकडे आलं, कारण अक्षर चांगलं. तारीख, पक्षी, नग. 'नग' हा रकाना मीच आखला होता आणि त्याचा मला अभिमान होता. बदकं कमी होतील वगैरे विचार माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. मला वाटायचं, खातं जसं कालव्याला पाणी सोडतं, तशी थंडीत बदकंही खातंच सोडत असेल.

एका बुधवारी हे कालव्याच्या दरवाजाकडून घरी आले ते गोणपाटात काहीतरी गुंडाळून. आत तलवार बदक होतं. जिवंत. पंख मोडलेला, रविवारचा. तीन दिवस ते कालव्याच्या कडेकडेनं चालत असणार. ह्यांनी ते ओट्याखाली ठेवलं आणि मला विचारलं, "हे तुझ्या वहीत आहे का?"

मी म्हटलं, "मेलेलं नाही ना, मग कसं असेल?"

आणि हसले. हजरजबाबी म्हणून वसाहतीत माझं नाव होतं. हे हसले नाहीत. बदक दुसऱ्या दिवशी गेलं. तेव्हाही मी ते वहीत लिहिलं नाही, कारण रविवारचं पान भरलं होतं.

पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत बदकं विरळ होत गेली. साहेब म्हणायचे, यंदा पाऊस कमी. पुढच्या वर्षी म्हणायचे, यंदा पाणी जास्त. वहीत बघून सांगावं म्हटलं तर वहीत नुसती मेलेली. पाण्यावर किती होती ते कुणी लिहिलंच नव्हतं. मग बंदी आली, आमची बदली झाली, बिनबाह्यांची पोलकी मला होईनाशी झाली आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

दुसरी फजिती न्यूनेनची, लेकीच्या गावची. हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. लेक आणि जावई दोघंही आयटीत, जावई रोज सायकलनं बेस्ट नावाच्या शेजारच्या गावी कामाला जातो. त्या वर्षी नातीची शाळा बदलणार होती, म्हणून लेक म्हणाली, ऑगस्टमध्येच ये. घर गावाच्या अगदी कडेला आहे. मागचं फाटक उघडलं की सायकलची वाट, वाटेपलीकडे पाण्याचा चर, चरापलीकडे एका शेतकऱ्याचं गायींचं कुरण, आणि कुरणाच्या अलीकडच्या कोपऱ्यात, वाटेवरून सहज दिसेल असं, बोरू आणि विलोच्या झाडांनी वेढलेलं तळं. वाटेवर बाक आहे. सकाळी सगळे आपापल्या सायकलींवर बसून गेले की मी त्या बाकावर जाऊन बसायची. हातात चहाचा थर्मास, पायात नातीचे गुलाबी गमबूट. आणि समोर बदकं दिसली की मोजायची. जुनी सवय. फक्त यावेळी ती हलत होती.

आठ-दहा दिवसांत माझ्या एक लक्षात आलं. सगळी बदकं तपकिरी. हिरव्या डोक्याचा नर एकही नाही. सगळ्या माद्याच. लांबून कुठून तरी बंदुकीचे आवाज ऐकू येत होतेच. मी दोन अधिक दोन केले. शनिवारी लेकीला ओढत शेतकऱ्याच्या दारात उभी राहिले.

"त्याला सांग, तुमच्या शिकाऱ्यानं सगळे नर मारले. विधवाच राहिल्यात तळ्यावर."

"आई, मी असं काहीही सांगणार नाही."

"मग मी सांगते."

"तुला डच येत नाही."

"इंग्रजी येतं. तो समजून घेईल."

तिनं सांगितलं. विधवा वगळून, पण सांगितलं. शेतकरी साठीचा, उंच, दारात चिखलाचे लाकडी बूट काढून ठेवलेले, आत लोकरीच्या मोज्यांवर वावरणारा. त्यानं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, डब्यातून एकेक बिस्कीट दिलं, डबा बंद केला आणि फोन लावला. दहा मिनिटांत शिकारी हजर. मला वाटलं होतं साहेब येईल. आला तो निवृत्त पोस्टमन, माझ्याच वयाचा, कानांवर पांढरे केस, मागे चॉकलेटी कुत्री. त्यानं माझा आरोप शांतपणे ऐकला आणि मला तळ्यावर घेऊन गेला. गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली.

"चोच बघा, मेव्राऊ."

मेव्राऊ म्हणजे बाईसाहेब. मी चोची बघितल्या. काही तपकिरी बदकांच्या चोची पिवळ्या होत्या, काहींच्या मळकट नारिंगी. पिवळ्या चोचीचे ते नर. उन्हाळ्याच्या शेवटी नराची पिसं झडतात आणि काही आठवडे तोही मादीसारखाच तपकिरी दिसतो. ऑक्टोबरात पुन्हा हिरवा होतो. निम्म्याहून जास्त नर होते तळ्यावर. मी त्याच्या तोंडावर त्याच्याच बदकांबद्दल अडाणीपणा केला होता. लेक चराकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती.

"दुर्बीण ठेवा," पोस्टमन म्हणाला. "पुढच्या वेळी नीट मोजून मग ओरडा."

तो हे चेष्टेनं म्हणाला असेल. मी ते मनावर घेतलं. घरी येऊन नातीची एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, नर, मादी. 'नग' नाही आखला.

परत येताना शेतकऱ्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती, सहज बोलता बोलता. इथं शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकाचा असतो. मालक कागद करून तो शिकाऱ्याला देतो. शिकाऱ्याकडे ठरावीक इतकी सलग जमीन असावी लागते, नाहीतर त्याला बंदूक घेऊन उतरताच येत नाही. पोस्टमनची जमीन या कुरणासकट कशीबशी पुरत होती, आणि या कुरणाचा कागद वर्षअखेरीला संपत होता.

जेवताना मी म्हटलं, "शेतकऱ्यानं तो कागद पुन्हा करू नये."

लेकीनं चमचा खाली ठेवला. "आई, ते दोघं चाळीस वर्षांचे मित्र आहेत. आपण इथं कालचे. तू नव्वद दिवसांत नेदरलँड्स बदलणार का?"

"नेदरलँड्स नाही. तळं."

नात म्हणाली, "आजी इज सीरियस," आणि माझ्या ताटातला पापड उचलला.

सप्टेंबरभर मी मोजत राहिले. पोस्टमन तेव्हा त्याच्या हक्काच्या जमिनीच्या दुसऱ्या टोकाला शिकार करत होता. मका कापून झाला की इकडे येणार, असं शेतकरी म्हणाला होता. केव्हा, ते मी विचारलं नाही. तळ्यावर अठरा-वीस बदकं असायची. दिवसा तिथं आराम करायची आणि संध्याकाळी चरायला शेतात जायची. वाटेवरून माणूस गेलं तरी बावीस पावलांच्या आत येऊ देत नसत. मी मोजली होती पावलं. चांगलं होतं ते. घाबरट बदक जास्त जगतं, एवढं मला कळायला हवं होतं.

मग पितृपक्ष आला. ह्यांची तिथी आली. मी खीर केली, वडे केले, गवारीची भाजी, कढी. लेकीनं रजा घेतली होती. पान वाढून मी कावळ्यासाठी मागच्या अंगणात ठेवलं. इथले कावळे बुटके, मानेवर राखाडी, निळ्या डोळ्यांचे. एक आला, वड्याकडे बघितलं आणि शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यावर जाऊन बसला. तासभर वाट बघितली. शेवटी मी पान उचलून चरावरच्या फळीवरून तळ्याच्या अलीकडच्या काठावर नेलं. म्हटलं, पाण्याकाठी ठेवूया, येईल कुणीतरी.

आलं ते बदक. पिवळ्या चोचीचं. बावीस पावलांचं भान न ठेवता सरळ पोहत आलं, काठावर चढलं आणि त्यानं भात खाल्ला. मग खीर. वडा मात्र उचलून पाण्यात टाकला, भिजवला आणि मग खाल्ला. हेही वडा कढीत बुडवूनच खायचे.

आता शहाण्या बाईनं नमस्कार करून घरी यावं. मी दुसऱ्या दिवशीही गेले. नंतर रोज. पक्ष संपेपर्यंत सकाळी सातला एक ताटली भात, पोळीचे तुकडे, आणि मी काठावर उभी राहून म्हणायची, "या, या, या." पाचव्या दिवशी एक नाही, अकरा आली. आठव्या दिवशी सगळी. माझा आवाज ऐकून उडत यायची. लेकीनं एकदा विचारलं, "हे बरोबर आहे का गं?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांचे पाहुणे आहेत." मी असं काही म्हटलं की ती गप्प बसते, हे मला माहीत होतं.

पक्ष संपायच्या आधीचा शनिवार. मका आदल्या दिवशी कापला होता, ते मी पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ डोक्यात आला नव्हता. धुकं होतं. मी ताटली घेऊन गेले तर तळ्यावर आधीच सात-आठ बदकं बसलेली. मला कौतुक वाटलं. म्हटलं, भूक लागली बिचाऱ्यांना, लवकर आली. ती जरा जास्तच शांत होती. एकही मान हलवत नव्हतं. मी हाक दिली, "या, या, या." ती प्लास्टिकची होती, खऱ्यांना भुलवायला सोडलेली, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा खरी विलोच्या मागून, माझ्याच दिशेनं, खाली उतरत होती.

पलीकडच्या बोरूतून गोळ्या सुटल्या. चार बदकं पाण्यात पडली. पाचवं पडलं नाही. एका अंगावर कललं, एक पाय लोंबत, आणि तसंच कुरणावरून मक्याच्या रिकाम्या शेताकडे निघून गेलं.

मी तिथं ताटली धरून उभी. गुलाबी गमबुटात.

पोस्टमन बोरूतून उठला तो मला बघून पांढराफटक पडला. बंदूक उघडून गोळ्या काढल्या आणि जवळजवळ पळतच तळं वळसा घालून आला. त्या धुक्यात मी त्याला दिसले नव्हते. आधी त्यानं मला कुठं लागलं नाही ना ते विचारलं. मग त्याची नजर ताटलीवर गेली.

"हे काय आहे?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं जेवण."

त्यानं घाईनं इकडेतिकडे बघितलं. "ते कुठे आहेत?"

"वारले. चार वर्षं झाली."

 पोस्टमननं कुत्रीला पाचव्या बदकाच्या मागावर सोडलं आणि मला घरापर्यंत सोडायला आला. ताटली त्यानंच धरली होती.

दुपारी शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं बसलो. तिथं जायचं पोस्टमननंच ठरवलं होतं. जिथं दाणे टाकून पक्ष्यांना बोलावलंय त्याच्या आसपास शिकार करायची नाही, असा इथं कायदा आहे. त्याला भाताची कल्पना नव्हती, पण झालं ते झालं, आणि मालकाच्या कानावर ते त्यानं स्वतः घालायचं. हा माणूस साहेबांसारखा निघाला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

डबा उघडला, एकेक बिस्कीट, डबा बंद.

मी लेकीला म्हटलं, "त्याला विचार, वहीत किती लिहिलीस?"

इथल्या शिकाऱ्यांना मारलेले पक्षी कळवावे लागतात, ते मला एव्हाना माहीत होतं. तो म्हणाला, "चार."

"पाचवं?"

"कुत्री दुपारपर्यंत शोधत होती. सापडलं नाही."

"मग ते वहीत आहे का?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला ओट्याखालचं गोणपाट दिसलं. मग मी थांबले नाही. ज्वारीची पायली सांगितली, रकाना सांगितला, बुधवारचं बदक सांगितलं, ह्यांचा प्रश्न सांगितला आणि माझं ते हजरजबाबी उत्तरही सांगितलं. अर्ध्यावर लेकीचं डच बंद पडलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही."

"त्यांचा स्वभाव. मीही सांगितलं नसतं. आता पुढचं त्यांना सांग, कॉफी गार होतेय."

तिनं सांगितलं. नाक पुसत, पण एकही शब्द न गाळता. ऐकून शेतकरी म्हणाला, की बदकं कमी झालीत हे खरं आहे, त्याच्या लहानपणी प्रत्येक चरात पिल्लं असायची. पण ती सगळी बंदुकीनं गेली नाहीत. मे महिन्यात गवत कापताना त्याच्याच यंत्राखाली घरटी जातात. मग मांजरं आहेत, बगळे आहेत, पिल्लांना खायला पूर्वीसारखे किडे नाहीत. पोस्टमननं मान डोलावली. तो म्हणाला, मी मारतो ती मूठभर. एक मादी दहा-दहा अंडी घालते. निसर्ग भरून काढतो.

 त्यांचं खोटं नव्हतं. मी बिस्कीट संपवलं आणि मग माझ्या लक्षात आलं की दोघांनी मिळून माझंच म्हणणं मांडलंय.

"त्यांना सांग," मी म्हटलं, "ज्या घरात पोरं जगत नाहीत, त्या घरातल्या बाईला तरी सांभाळायचं असतं. अंडी यंत्राखाली, पिल्लं मांजराच्या तोंडात, आणि त्यातून जी वाचली, मोठी झाली, घरटं कुठं करायचं ते शिकली, ती याच्या बंदुकीसमोर. भरून काढायला निसर्गाकडे उरतं कोण?"

लेक हे डचमध्ये सांगत असताना मला कळलं की ती माझ्यापेक्षा जास्त बोलतेय. मी तिला थांबवलं नाही. तिनं वही उघडली आणि त्यांच्यापुढे फिरवली. कधी अठरा, कधी एकवीस. मग त्या सकाळचं पान. बंदुकीनंतर शून्य. पुढची पानं अजून कोरी होती.

पोस्टमन म्हणाला, "ही बदकं तुमच्या भातानं आली होती, मेव्राऊ."

"हो," मी म्हटलं. "चारही माझीच आहेत. पाचवंही. म्हणूनच मी इथं बसलेय."

शेतकऱ्यानं खुर्ची मागे सरकवली. दूध काढायची वेळ झाली होती. "विचार करतो, ओमा," एवढंच तो म्हणाला. ओमा म्हणजे आजी. वयानं तो माझ्या धाकट्या भावासारखा, पण असो.

घरी येताना लेक मला वाटेत थांबवून म्हणाली, "आई, एक सांगू? तू रोज ताटलीभर भात टाकत राहिलीस तर त्याला कायद्यानं तिथं शिकारच करता येणार नाही."

माझी मुलगी आहे ती. मलाही ते स्वयंपाकघरातच सुचलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पाण्याकाठच्या ताटल्या मोजूनही झाल्या होत्या. पण मी नोव्हेंबरात परत जाणार होते. माझ्यामागे ती बदकं भाताला सोकावलेली, माणसाच्या हाकेला उतरणारी, आणि कुरणाच्या पलीकडे दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याची बंदूक. दोनदा दाणे टाकून झाले होते माझे. तिसऱ्यांदा नको.

मी भात बंद केला. दहा दिवस तळ्यावर एकही बदक नव्हतं. मी तरीही रोज गेले आणि रोज शून्य लिहिलं. शून्य लिहायला फार जोर लागतो, हे वसाहतीतल्या त्या चांगल्या अक्षरवालीला माहीत नव्हतं. अकराव्या दिवशी तीन आली. मग सात. मी हाक दिली नाही, बाकावर बसून राहिले. ती मला तीस पावलांवरून बघून परत फिरायची. मला बरं वाटायचं.

नोव्हेंबरात विमान होतं. जायच्या आदल्या दिवशी मी वही शेतकऱ्याच्या ओट्यावर ठेवली. त्याच्या गोठ्याच्या खिडकीतून तळं दिसतं आणि तो पहाटे पाचला उठलेला असतो.

"उजाडलं की मोजा. नर, मादी. चोच बघायची."

"मला बदकातलं कळतं, ओमा."

"मलाही वाटायचं."

तो हसला. मोजीन म्हणाला नाही, वही परतही केली नाही.

पुण्यात डिसेंबर गेला. लेक फोनवर कागदाबद्दल काही बोलेना, मीही विचारेना. इतक्या लांबून हट्ट करता येत नाही असं लोक म्हणतात. येतो. मी रोज सकाळी त्यांच्या घड्याळाप्रमाणे लेकीला एकच शब्द पाठवायची, "मोजली?" ती रोज वाटेवरून सायकल नेताना गोठ्याच्या खिडकीकडे बघायची आणि लिहायची, "खिडकीत आहे तो."

जानेवारीत तिनं दोन फोटो पाठवले. पहिला वहीच्या पानाचा. जाड, उभं, शेतकऱ्याचं अक्षर. एकही दिवस चुकलेला नाही. आकडे वाढलेले नव्हते. थंडी पडली, चर गोठले, तेव्हा नऊवर आले होते आणि तिथंच होते. दुसरा फोटो कागदाचा. कुरणाचा हक्क पोस्टमनला पुन्हा दिलेला होता. ससे, तितर, रानकबुतरं, सगळं छापील. 'रानबदक' या शब्दावर पेनानं आडवी रेघ, आणि रेघेशेजारी दोघांच्या सह्या. अशी वाट असते हे मला ठाऊकच नव्हतं. जमीन त्याच्याकडे राहिली, बदकं माझ्याकडे. नाही, माझ्याकडे नव्हे. असं म्हणायची सवय मोडायला हवी.

खाली मुदत लिहिली होती. पूर्वी कागद सहा वर्षांचा असायचा. हा एका वर्षाचा. लेकीनं लिहिलं होतं, "पोस्टमन म्हणाला, आकडे वाढले नाहीत तर पुढच्या वर्षी रेघ काढायची."

"रेघ राहणार," मी उत्तर पाठवलं आणि ऑगस्टचं तिकीट बघायला घेतलं.

तेव्हापासून दोन ऑगस्ट झाले. रेघ अजून आहे. आकडे थोडे वर गेलेत, फार नाही. शेतकरी आता तळ्याभोवतीचं गवत उशिरा कापतो, तेही मागून मागून मिळालं. पोस्टमन शनिवारी सकाळी बाकावर येऊन बसतो, बंदूक न घेता. दुर्बीण अजून माझ्याकडेच आहे, म्हणून त्याला डोळे बारीक करावे लागतात. आमचं भांडण बहुतेक एका बदकावरून असतं. तो म्हणतो बावीस, मी म्हणते तेवीस.

"ते बोरूतलं तुम्ही दोनदा मोजलंत, मेव्राऊ."

"ते बोरूतलं लंगडं आहे. त्याला वेगळी ओळ आहे."

ते लंगडं बदक त्या शनिवारचंच का, मला माहीत नाही. पोस्टमन म्हणतो, शक्य नाही. मी वाद घालत नाही. वहीत नर, मादीनंतर मी एक रकाना वाढवलाय, आणि त्यात ज्याला उडताना त्रास होतो असं जे दिसेल ते लिहिते. कधी एक असतं, कधी काहीच नाही. मागच्या आठवड्यात दोन होती, आणि ही आमच्या कुरणातली नव्हेत, हे पोस्टमनलाही मान्य आहे. गोळ्या कुरणापलीकडून आल्या होत्या.

कुरणापलीकडची जमीन दुसऱ्या शेतकऱ्याची. त्याचा कागद केव्हा संपतो ते पोस्टमनला ठाऊक आहे. सतरा वर्षं त्यानं त्या घरी पत्रं टाकली आहेत. काल मी त्याला विचारलं, तर त्यानं बराच वेळ कुत्रीच्या कानामागे खाजवलं.

"मार्चमध्ये," तो म्हणाला. "पण तो माणूस कॉफीसुद्धा देत नाही."

"आम्ही थर्मास नेऊ."

माझे एकसष्ट दिवस उरलेत. लेकीनं सोमवारी अर्धी रजा टाकली आहे.